दोनदा फसलेला नकाशा: कॅलिफोर्नियाच्या १२४ सागरी संरक्षित क्षेत्रांचं प्रकरण

कॅलिफोर्निया राज्याची समुद्रातली हद्द किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत, म्हणजे जेमतेम साडेपाच किलोमीटर. या चिंचोळ्या पट्ट्यातलं १६ टक्के पाणी आज १२४ संरक्षित क्षेत्रांखाली आहे आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक भागात मासा पकडायला, शिंपला उचलायला, काहीही काढायला पूर्ण मनाई आहे. ओरेगॉनच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत ही क्षेत्रं एकमेकांशी ठरावीक अंतर राखून बसवलेली आहेत. म्हणूनच त्यांना जाळं म्हणायचं. नुसती क्षेत्रांची यादी मोठी झाली म्हणून जाळं होत नाही.

हे जाळं ज्या कायद्यातून आलं, तो १९९९चा. पण त्याची अंमलबजावणी दोनदा फसली आणि शेवटचा पट्टा लागू व्हायला डिसेंबर २०१२ उजाडला. या तेरा वर्षांत काय चुकलं, तिसऱ्या खेपेला काय वेगळं केलं आणि रेषा आखून झाल्यावर खरं काम कुठे सुरू झालं, हे इथे तपशिलात पाहू.

कायद्याआधी

१९९९ पूर्वी इथे ६३ क्षेत्रं होती. आकडा भरघोस वाटतो, पण सगळी मिळून राज्याच्या पाण्याचा २.७ टक्के भाग व्यापत होती आणि पूर्ण बंदीचं पाणी पाव टक्काही नव्हतं. एखादं क्षेत्र विद्यापीठाच्या प्रयोगशाळेसमोर, एखादं एखाद्या लोकप्रिय खडकाळ किनाऱ्यापुरतं, अशी ती वेगवेगळ्या दशकांत सुटी सुटी जन्माला आली होती. शेजारच्या क्षेत्राशी त्यांचा संबंध आहे का, हे कुणी तपासलेलंच नव्हतं. नव्या कायद्याने मत्स्य विभागाला सांगितलं की ही सगळी क्षेत्रं पुन्हा तपासा, विज्ञानाच्या आधारावर नव्याने आखा आणि शक्य तितकं एक जाळं म्हणून चालवा.

दोन अपयशं, दोन वेगळी कारणं

पहिल्या खेपेला विभागाने शास्त्रज्ञांचा गट बसवला. त्या गटाने संपूर्ण किनाऱ्याचे कच्चे नकाशे तयार केले आणि २००१ मध्ये ते थेट जाहीर सभांत मांडले. मच्छीमारांनी, गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांनी, पाणबुड्यांनी आपल्या रोजच्या जागांवर रंगवलेले चौकोन तिथे पहिल्यांदा पाहिले. सभा उधळल्यातच जमा होत्या. जानेवारी २००२ मध्ये नकाशे मागे घ्यावे लागले. त्या नकाशांमागचं विज्ञान फारसं कच्चं नव्हतं. पण आधी रेषा आणि मग चर्चा, असा क्रम लावला की समोरच्याला फक्त विरोधच करता येतो. सुचवायला त्याच्या हातात काही उरत नाही.

दुसऱ्या खेपेला विभाग उलट्या टोकाला गेला. किनाऱ्याचे सात भाग करून सात स्थानिक गट नेमले, सगळ्यांना बोलावलं. मात्र सात गट एकाच वेळी चालवायला माणसं आणि पैसा नव्हता. राज्याचं अंदाजपत्रक तुटीत गेलं आणि जानेवारी २००४ मध्ये काम थांबलं. म्हणजे पहिल्यांदा लोक नव्हते म्हणून अडलं, दुसऱ्यांदा लोक होते पण पैसा नव्हता.

तिसरी खेप: कुणी काय करायचं नाही

ऑगस्ट २००४ मध्ये राज्याने खासगी देणगीदारांच्या एका प्रतिष्ठानाशी करार केला आणि आखणीच्या खर्चाचा मोठा वाटा तिथून आला. सरकारी कामात खासगी पैसा कसा, असा आक्षेप पुढची कित्येक वर्षं घेतला गेला आणि तो अगदीच बिनबुडाचा म्हणता येणार नाही. पण त्या पैशातून नकाशातज्ज्ञ, बैठका चालवणारे तटस्थ मध्यस्थ आणि पूर्णवेळ कर्मचारी मिळाले. दुसरी खेप नेमकी यांच्यावाचून बुडाली होती.

या खेपेला संपूर्ण किनारा एकदम हाती घेतला नाही. चार पट्टे केले आणि एकामागून एक घेतले. पिजन पॉइंट ते पॉइंट कन्सेप्शन हा मध्य किनारा आधी: त्याची २९ क्षेत्रं सप्टेंबर २००७ मध्ये लागू झाली. त्यानंतर उत्तर-मध्य (मे २०१०), दक्षिण (जानेवारी २०१२) आणि उत्तर (डिसेंबर २०१२). दक्षिणेतल्या चॅनल आयलंड्स या बेटांभोवतीची क्षेत्रं २००३ मध्येच झाली होती, ती दक्षिणेच्या पट्ट्यात सामावली. सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर बाजूलाच राहिला.

रचनेतली खरी खुबी अधिकारांच्या वाटणीत होती. नकाशे काढायचे ते फक्त हितसंबंधी गटाने: व्यावसायिक मच्छीमार, हौशी गळवाले, पाणबुडे, पर्यावरण संस्था, आदिवासी जमातींचे प्रतिनिधी. शास्त्रज्ञांनी एकही रेषा ओढायची नाही. समोर आलेला नकाशा आधी प्रसिद्ध केलेल्या निकषांवर मोजायचा आणि गुण-दोष लिहून द्यायचे. त्यांच्या वर नेमलेल्या सार्वजनिक व्यक्तींच्या कृतिगटाने पसंतीचा आराखडा सुचवायचा आणि अंतिम निर्णय फिश अँड गेम आयोगाचा. यामुळे वाद ‘माझी जागा का घेतली’ इथून ‘या निकषात बसवून दुसरी जागा दाखव’ इथवर आला. भांडणं मिटली नाहीत. पण एकाच कागदावर होऊ लागली.

आकार आणि अंतराचं गणित

निकष साधे होते आणि त्यांचं साधेपण मोलाचं होतं. किनाऱ्यालगत प्रत्येक क्षेत्राची लांबी कमीत कमी ५ ते १० किलोमीटर असावी, १० ते २० असली तर उत्तम. क्षेत्र किनाऱ्यापासून हद्दीच्या टोकापर्यंत, उथळातून खोल पाण्यापर्यंत सलग जावं. आणि एकाच प्रकारचा अधिवास असलेल्या दोन क्षेत्रांतलं अंतर ५० ते १०० किलोमीटरच्या आत राहावं.

लांबीचा आकडा मोठ्या माशाच्या हालचालीवरून आला. खडकांत राहणारे रॉकफिश बहुधा थोड्याच परिघात वावरतात. दोन किलोमीटरच्या क्षेत्रात मासा रोज बाहेर पडणार आणि गळाला लागणार, म्हणून क्षेत्र त्याच्या वावरापेक्षा बरंच लांब हवं. खोलीचा निकष माशाच्या वाढीवरून आला, कारण अनेक जातींची पिल्लं उथळ पाण्यातल्या केल्पच्या (उंच वाढणाऱ्या समुद्रशैवालाच्या) रानात वाढतात आणि मोठी होता होता खोल पाण्यात सरकतात. क्षेत्राचा खालचा भाग उघडा ठेवला तर आपण पिल्लं सांभाळतो आणि अंडी घालणारे मोठे मासे गमावतो. अंतराचा निकष मात्र अळ्यांचा, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या सूक्ष्म पिल्लांचा. रॉकफिशच्या अळ्या आठवडे, कधी महिनेही प्रवाहाबरोबर वाहतात. ॲबलोनच्या (खडकाला चिकटून राहणाऱ्या, खाल्ल्या जाणाऱ्या मोठ्या समुद्री गोगलगायीच्या) जेमतेम काही दिवस. ५० ते १०० किलोमीटर हा या सगळ्यांसाठी काढलेला सरासरीचा तोडगा आहे. तो ॲबलोनला पुरत नाही, ही त्याची उघड मर्यादा.

हे गणित बैठकीत कसं चालायचं ते बघण्यासारखं आहे. समजा ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’ अशी तीन क्षेत्रं आहेत, ‘क’पासून ‘ख’ ६५ किलोमीटरवर आणि ‘ख’पासून ‘ग’ ६० किलोमीटरवर. मच्छीमारांच्या आग्रहावरून ‘ख’ची लांबी ९ वरून ४ किलोमीटरवर आणली. क्षेत्र नकाशावर दिसतंच, पण किमान लांबीत बसत नसल्याने मोजणीत ते शून्य धरलं जातं. मग ‘क’ आणि ‘ग’मध्ये सव्वाशे किलोमीटरहून मोठं भगदाड पडतं आणि सगळा आराखडा नापास होतो. ‘थोडंसं कमी करू’ ही तडजोड इतकी महाग का पडते, हे ऑनलाइन नकाशावर रेष सरकवताच सगळ्यांना दिसायचं. चौकोन काढला की क्षेत्रफळ, खडकाळ तळ किती, वाळूचा किती, केल्प किती, हे आकडे लगेच बाजूला येत. दुर्मीळ अधिवासांपैकी एक म्हणजे ३० ते १०० मीटर खोलीवरचा खडक. तो जिथे आहे तिथेच आहे, म्हणून अंतराचा निकष खऱ्या अर्थाने त्यानेच ठरवला.

एक पळवाट आधीच बुजवलेली होती. ‘क्षेत्र मोठं घ्या, पण आत अमुक मासेमारी चालू द्या’ असे प्रस्ताव येणारच. त्यामुळे शास्त्रज्ञांनी प्रत्येक प्रकारच्या मासेमारीला संरक्षणाची पातळी ठरवून दिली. खोल पाण्यात वरच्या थरात सॅमनसाठी बोटीमागे गळ ओढला तर तळाच्या माशांना फारसा धक्का लागत नाही, म्हणून ती पातळी वरची. तळाशी गळ सोडणं किंवा ॲबलोन काढणं खालच्या पातळीत. ठरावीक पातळीच्या खाली गेलेलं क्षेत्र आकार-अंतराच्या हिशेबात धरायचं नाही. नावाला संरक्षित असलेली क्षेत्रं त्यामुळे गणितातूनच गळून पडली.

रेष होडीवरून दिसली पाहिजे

आखणीत सर्वांत कमी चर्चा होते आणि चालवताना सर्वांत जास्त त्रास देते ती सीमारेषा. मच्छीमारांना खडकाच्या कडेकडेने वळणारी रेष हवी असायची, म्हणजे वाळूचा उपयोगी भाग मोकळा राहील. काहींना २० मीटर खोलीची रेष सीमा म्हणून हवी होती. समुद्रावर गस्त घालून नियम राबवणाऱ्या वॉर्डनांनी दोन्हींना ठाम विरोध केला. खोलीची रेष भरती-ओहोटीने आणि उपकरणागणिक बदलते. होडीवरचा माणूस १९ मीटर म्हणतो, गस्तीच्या बोटीचं यंत्र २२ दाखवतं आणि खटला तिथेच संपतो. किनाऱ्यापासूनच्या अंतराचंही तेच, कारण किनारा सरळ नसतो.

म्हणून सूचना अशी होती: रेषा सरळ, उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम, शक्यतो अक्षांश-रेखांशाच्या पूर्ण मिनिटावर, आणि किनाऱ्याकडचं टोक शक्यतो ओळखू येणाऱ्या भूशिरावर. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. साध्या जीपीएसवर शेवटचे आकडे शून्यावर आले की आपण रेषेवर आहोत, हे हलत्या होडीत, ओल्या हातांनीही वाचता येतं. रेष तिरपी असेल तर तेच कळायला दोन आकड्यांचा मेळ घालावा लागतो, आणि वारा होडीला ढकलत असताना तो जमत नाही.

रेष खडक कापून जावी की वाळूवर संपावी, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. सलग खडकावरून मासा सहज पलीकडे जातो; मधे वाळूचा रुंद पट्टा असेल तर बऱ्याच जाती तो ओलांडायला तयार नसतात. संरक्षण पक्कं हवं असेल तर रेष वाळूवर ठेवावी. बाहेरच्या मच्छीमारालाही वाढीव मासळीचा वाटा मिळावा असं वाटत असेल तर ती खडकातून न्यावी. हे आधी ठरवून केलं पाहिजे, नंतर योगायोगाने नाही.

नियमात आणखी एक बारकावा होता, ज्याने बरेच तंटे टळले. पकडलेली मासळी घेऊन संरक्षित क्षेत्रातून जायला हरकत नाही, फक्त मासेमारीचं साहित्य पाण्यात नको. वादळात अडकलेल्या बोटीला वळसा घालायला लावलं असतं तर नियम पहिल्याच हिवाळ्यात मोडला असता.

नावांचा गोंधळ

क्षेत्रांचे प्रकार मुख्यतः तीन. राखीव क्षेत्रात पूर्ण बंदी, नकाशावर लाल. संवर्धन क्षेत्रात ठरावीक मासेमारीला मुभा, निळं. आणि पाणपक्ष्यांच्या शिकारीची कायदेशीर सोय असलेल्या काही खाड्यांसाठी मनोरंजन व्यवस्थापन क्षेत्र, हिरवं. इथवर ठीक. दक्षिणेच्या पट्ट्यात मात्र काही ठिकाणी पूर्ण बंदी घालायची होती आणि त्याच पाण्यात आधीपासून परवाना असलेली गाळ काढण्याची, किनाऱ्यावर वाळू भरण्याची किंवा सांडपाण्याच्या नळांच्या देखभालीची कामं चालू होती. राखीव क्षेत्रात अशी कामं कायद्याने बसत नाहीत. तोडगा म्हणून नाव संवर्धन क्षेत्राचं आणि बंदी पूर्ण, असा चौथा जांभळा रंग आला. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष, पण पाटी वाचणाऱ्या माणसाला कोड्यात टाकणारा. संवर्धन क्षेत्र म्हणजे थोडी मुभा असणार, असं समजून लोक गळ टाकतात. नाव ठरवताना वकिलाइतकाच गळवाल्याचा विचार व्हायला हवा होता.

उत्तरेच्या पट्ट्यात याहून मूलभूत चूक सुधारावी लागली. युरोकसह अनेक आदिवासी जमाती हजारो वर्षं या किनाऱ्यावरून शिंपले, समुद्रशैवाल, मासे घेत आल्या आहेत, आणि कायद्यात त्यांच्यासाठी वेगळी तरतूदच नव्हती. माणूस एक तर व्यावसायिक किंवा हौशी. जुलै २०१०मध्ये फोर्ट ब्रॅग इथल्या बैठकीत जमातींनी मोर्चा नेऊन हे ठणकावून सांगितलं. पुढे ठरावीक क्षेत्रांत, नावानिशी नोंदलेल्या जमातींच्या पारंपरिक वापराला सूट देण्यात आली. राखीव क्षेत्रात अशी सूट बसत नसल्याने उत्तरेला संवर्धन क्षेत्रांचा वापर जास्त झाला. हा प्रश्न पहिल्या दिवशी टेबलावर असता तर वर्षभराचा कडवटपणा टळला असता.

रेषा आखल्यानंतर

सुरुवातीला प्रत्येक उल्लंघन फौजदारी स्वरूपाचा गुन्हा होता. कडक शिक्षा म्हणजे चांगली अंमलबजावणी, असं वाटतं, घडलं उलट. रेषेच्या पन्नास मीटर आत गळ टाकलेल्या हौशी माणसावर खटला चालवायला सरकारी वकिलांकडे वेळ नसे आणि प्रकरणं पडून राहत. २०१५च्या दुरुस्तीने किरकोळ उल्लंघनाला वाहतुकीच्या पावतीसारखा दंड लावण्याची सोय झाली. २०१८च्या दुरुस्तीने धंद्यासाठी मासेमारी करणाऱ्यांवर आणि प्रवासी मासेमारी बोटींवर ५ हजार ते ४० हजार डॉलरचा दंड बसवला. छोट्याला हलका पण खात्रीचा, मोठ्याला जड: हा बदल सुरुवातीपासून हवा होता.

दुसरी अपेक्षित गोष्ट म्हणजे कडेवरची गर्दी. दक्षिणेत शेवंडांचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि सापळ्यांच्या तरंगत्या खुणा संरक्षित क्षेत्राच्या रेषेला समांतर, माळेसारख्या लागतात. हे बेकायदा नाही. पण मोठी लाट आली की दोर लावलेला सापळा तळावरून घसरत आत जातो आणि मग मुद्दाम टाकला की वाहून गेला, हे सिद्ध करणं कठीण. अनुभवी मच्छीमार म्हणूनच रेषेला चिकटून न टाकता थोडी जागा सोडतो. या गर्दीला कारणही आहे. सांता बार्बराजवळच्या दोन क्षेत्रांमुळे तिथलं शेवंडांचं मासेमारी क्षेत्र ३५ टक्क्यांनी घटलं होतं. सहा वर्षांनी लगतच्या पाण्यातली एकूण पकड २२५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. शेवंड तळावरून चालत बाहेर येतं, म्हणून हा परिणाम इतका ठळक. रॉकफिशकडून सहा वर्षांत याची अपेक्षा करू नये. त्यातल्या काही जाती पन्नास वर्षांहून अधिक जगतात आणि उशिरा प्रजननाला येतात. १९७३ पासून राखीव असलेल्या पॉइंट लोबोसमध्ये मोठे मासे जास्त दिसतात, याचं कारण तिथले नियम वेगळे आहेत हे नसून तिथे गेलेली वर्षं आहेत.

मोजणी: पंधरा मिनिटांचा गळ

निरीक्षणाचं सर्वांत पटणारं काम २००७ मध्ये मध्य किनाऱ्यावरच्या चार क्षेत्रांपासून सुरू झालं आणि २०१७ पासून राज्यभर पसरलं. हौशी गळवाल्यांची प्रवासी बोट भाड्याने घ्यायची, स्वयंसेवक गळवाले आणि शास्त्रज्ञ एकत्र न्यायचे. खडकाळ भागावर ५०० बाय ५०० मीटरचे चौकोन आखलेले असतात. त्यातले काही चिठ्ठी टाकून निवडायचे. प्रत्येक चौकोनात इंजिन बंद करून बोट वाहू द्यायची, पंधरा मिनिटं गळ पाण्यात, असं तीनदा. आज संरक्षित क्षेत्रात, तर दुसऱ्या दिवशी बाहेरच्या तशाच खडकावर. दर माणशी दर तासाला किती मासे, हा मुख्य आकडा.

मासा वर आला की जात ओळखायची, लांबी मोजायची, पाठीत क्रमांकाची बारीक पट्टी टोचायची आणि सोडायचा. अडचण इथे येते. तीस-चाळीस मीटरवरून झटकन वर आलेल्या रॉकफिशच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून डोकावतं. तसाच सोडला तर तो पृष्ठभागावर उताणा तरंगतो आणि पक्षी त्याला उचलतात. म्हणून वजन लावलेल्या चिमट्याने जबडा धरून त्याला पुन्हा खोल नेतात आणि तिथे सोडतात. दाब परतला की पिशवी आकसते आणि मासा पोहत जातो. हे टाळलं तर मोजणीच माशांच्या जिवावर उठते.

या पद्धतीचा दुसरा लाभ आकडेवारीइतकाच मोठा आहे. ज्या माणसाने आपल्या हाताने बाहेर चार छोटे आणि आत दोन दांडगे मासे ओढले, त्याला अहवाल वाचून दाखवावा लागत नाही.

जिथे जाळं हतबल ठरलं

२०१३ पासून एका रोगाने तारामासे मोठ्या प्रमाणावर मेले. सूर्यफूल तारामासा जवळजवळ नाहीसा झाला. तो केल्प फस्त करणाऱ्या जांभळ्या अर्चिनांना (काटेरी, गोल समुद्री प्राण्यांना) खात असे. २०१४ ते २०१६ मध्ये समुद्र असाधारण तापला आणि केल्प खंगलं. उत्तर किनाऱ्यावरचं ९० टक्क्यांहून अधिक केल्प गेलं, अर्चिनांनी खडक बोडके केले, खायला न उरल्याने लाल ॲबलोन उपाशी मेले आणि २०१८ मध्ये त्यांची हौशी मासेमारी बंद करावी लागली. राखीव क्षेत्रांतही हेच घडलं. उष्ण पाण्यातले मासे रेषेच्या आत आणि बाहेर सारखेच शिरले. दक्षिणेत चित्र थोडं वेगळं, कारण तिथे अर्चिन खाणारे शीपहेड मासे आणि शेवंड संरक्षित क्षेत्रांत टिकून होते. उत्तरेत ती दुसरी फळी नव्हतीच. मासेमारी थांबवून मासेमारीचे परिणाम थांबतात. पाणी तापायचं थांबत नाही, हे जाळ्याच्या उद्दिष्टांत सुरुवातीलाच स्पष्ट लिहायला हवं.

दहा वर्षांनी

जानेवारी २०२३ मध्ये पहिला दशवार्षिक आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर क्षेत्रं वाढवा, घटवा, नावं बदला, असे अर्ज आयोगाकडे आले. इथे जुनी आखणी पुन्हा कामाला लागते. एखादा अर्ज ‘फक्त या एका क्षेत्रात गळाला परवानगी द्या’ इतकाच असतो. पण त्या परवानगीने संरक्षणाची पातळी खाली गेली, तर ते क्षेत्र हिशेबातून गळतं आणि दोन्ही बाजूंचं अंतर एकदम वाढतं. म्हणून प्रत्येक अर्जासोबत शेजारच्या दोन्ही क्षेत्रांपर्यंतचं अंतर, ३० ते १०० मीटरच्या खडकाचं उरणारं क्षेत्रफळ, तिथे सुरू असलेल्या मोजणीचे चौकोन बदलणार का आणि नवी रेष पूर्ण मिनिटावर बसते का, या चार गोष्टी तपासल्याशिवाय नकाशाला हात लावू नये.